भ आणि क्ती यांच्या मधली जागा

‘भक्ती’ हा शब्द स्वरलिपीत बसवायचा आहे. पहिला सूर चार मात्रा लांब, दुसरा थेट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. लांब सुराखाली काय लिहायचं आणि समेखाली काय? शब्दाचे उच्चारी तुकडे पाडणारा कुणीही सांगेल, ‘भक्’ आणि ‘ती’. आपल्याकडे मात्र बंदिशी लिहिणारे वेगळंच करत आले आहेत. ते लिहितात ‘भ ऽ ऽ ऽ’ आणि मग समेवर ‘क्ती’. जोडाक्षर अख्खं पुढे ढकलतात.

माझं पोट अक्षरजुळणीवर चालतं आणि संध्याकाळी मी पेटी वाजवते, म्हणून या एवढ्याशा फरकात माझा जीव अडकलेला आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, अहवाल हे रोजचं. अधूनमधून मात्र एखाद्या क्लासचे सर बंदिशींची वही घेऊन येतात, भजनी मंडळाचे बुवा चालींच्या झेरॉक्स आणतात, शाळेच्या संगीताच्या बाई समूहगीत स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, करून मागतात. ते काम हातात आलं की बाकीचं बाजूला पडतं.

एकदा एका शाळेच्या तालमीला पेटीवर साथीला बसले होते. मुलांच्या हातातल्या कागदावर लांब सुराखाली ‘भक्’ छापलेलं होतं. मुलं आज्ञाधारक. त्यांनी पहिल्याच मात्रेला ‘भक्’ म्हटलं आणि घसा बंद झाला. क् म्हटल्यावर सूर धरायला उरतं काय? तीन मात्रा पेटी एकटी वाजत राहिली. दोन-तीन हुशार मुलांनी वाट काढली आणि ‘भकऽऽऽ’ असं लांबवलं, म्हणजे शब्दच बदलला. मी बाईंना म्हटलं, ‘‘बाई, फळ्यावर भ लिहा, पुढे रेघ ओढा आणि समेखाली क्ती लिहा.’’ तसं लिहिल्यावर मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. भ चा अकार चारही मात्रा भरून राहिला, शेवटच्या क्षणी क् ला जीभ लागली आणि ती समेवर उतरली.

म्हणून माझं ठाम मत आहे की जोडाक्षर ही गायकाला दिलेली सूचना आहे. स्वर शेवटपर्यंत उघडा ठेव, व्यंजनं पुढच्या ठोक्याबरोबर घे, एवढं सगळं ‘क्ती’ या एका आकृतीत लिहिलेलं असतं. ती आकृती फोडली की सूचना हरवते. नोटेशनची सॉफ्टवेअर वापरताना आपण ती सर्रास फोडतो, कारण त्यांची घडण दुसऱ्या, रोमन लिपीसाठी झालेली आहे.

त्या लिपीतही जोडलेली अक्षरं आहेत. त्यांना लिगेचर म्हणतात. इंग्रजी एफला वर जो आकडा असतो तो शिशाच्या खिळ्याबाहेर लोंबायचा आणि शेजारच्या आयच्या टिंबावर आदळून मोडायचा, म्हणून एफ आणि आय एकाच खिळ्यावर ओतायला लागले. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापलं, त्यासाठी सुमारे २९० निरनिराळे खिळे केले होते असं मानलं जातं, आणि त्यांत अशी जोड-रूपं पुष्कळ होती. आज संगणकावरचा फॉन्ट ही जोडणी आपोआप करतो. पण ती मोडली तरी वाचणाऱ्याचं काही अडत नाही. गाण्याचे शब्द सुरांखाली तुकड्या-तुकड्यांनी जातात, प्रत्येक तुकडा सॉफ्टवेअरच्या लेखी स्वतंत्र मजकूर असतो. तुकडा एफवर संपला आणि पुढचा आयवर सुरू झाला, तर लिगेचर होत नाही, एवढंच. डोळ्याला थोडं कमी देखणं दिसेल, पण गळ्याला काही फरक पडत नाही.

देवनागरीत पडतो. ‘भक्ति’ हा शब्द ऱ्हस्व लिहिलेला घ्या, संस्कृत रचनांत तो तसा येतो. ‘क्ति’ एकत्र ठेवलं तर ऱ्हस्व वेलांटी क्त च्या आधी उभी राहते. ‘भक्’ आणि ‘ति’ केलं की वेलांटी क् ओलांडून थेट त च्या आधी येते, क् चा पाय मोडतो आणि वाचणाऱ्याला शब्द मनात पुन्हा जुळवावा लागतो. ‘कर्म’मधला रफार म च्या डोक्यावर असतो. ‘क ऽ ऽ र्म’ असं लिहिलं तर तो म बरोबर प्रवास करतो आणि गातानाही र् अगदी शेवटीच येतो. ‘कर्’ आणि ‘म’ केलं की रफार नाहीसा होऊन पाय मोडका र उरतो.

विठ्ठलाचं नाव तर आपल्याकडे रोज घेतलं जातं. आषाढीला कोल्हापुराहून नंदवाळला दिंड्या निघतात तेव्हा वाटेत ऐका. ‘वि’ वर सूर थांबतो, ठ्ठ चा ठोका पखवाजाबरोबर पडतो आणि ‘ल’ सुटून जातो. लिहायचं झालं तर वि ऽ ठ्ठ ल. यातला ठ्ठ काही फॉन्टांत एकाखाली एक असा येतो, काहींत पहिल्या ठ चा पाय मोडून शेजारी शेजारी. मला पहिला आवडतो. एका मात्रेखाली एक उभी आकृती बसते आणि डोळ्याला ठोका नेमका कुठे आहे ते दिसतं. शेजारी शेजारी आले की दोन अक्षरं, म्हणजे दोन ठोके आहेत की काय, असं नवशिक्याला वाटतं.

आपलं छंदशास्त्र हेच सांगत आलंय. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आलं तर ते ऱ्हस्व गुरू होतं, त्याच्या दोन मात्रा धरतात. मराठीने त्यात शहाणपणाची दुरुस्ती केली: जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तरच. ‘तुझ्या’तल्या तु वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच. ‘सत्य’मधल्या स वर येतो, म्हणून तो गुरू. आणि काही ठिकाणी हा आघात आपण अक्षराच्या आकारातच लिहून ठेवला आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ पाहा. समुद्र म्हणायचा तर रफार, आणि द जड. डोंगरातल्या दऱ्या म्हणायच्या तर आडव्या झुपक्याचा ऱ, आणि द हलका. शाळेत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ शिकवतात तेव्हा अर्थाचा फरक सांगतात. दर्या आणि दऱ्या यांतला फरक पेटीवर बसलेल्या माणसाला मात्रेचा फरक म्हणून आधी कळतो. चाल बांधणाऱ्याने दर्या म्हणून दोन मात्रा दिल्या आणि छापणाऱ्याने दऱ्या छापलं, तर गाणारा अडखळणारच.

संगणकावर हा ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण आणि मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखे. पण ते न दिसणारं चिन्ह एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात मजकूर नेताना कधीकधी गळून पडतं, आणि मग दऱ्यांचा मुकाट्याने दर्या होतो. गाण्याचा मजकूर वर्डमधून नोटेशनमध्ये, तिथून पीडीएफमध्ये आणि शेवटी व्हॉट्सॲपवर असा फिरत असतो. म्हणून मी पहिलीच पद्धत वापरते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही तीच लावली आहे.

आता सॉफ्टवेअरबद्दल. म्यूझस्कोर फुकट मिळतं, बहुतेक शिक्षक तेच वापरतात. लिलीपॉन्ड हे नेदरलँड्समधल्या दोन वादकांनी १९९६ साली सुरू केलेलं, त्यात सगळं मजकुरासारखं टाइप करायचं असतं. माझं मन लिलीपॉन्डवर आहे, कारण अक्षरं जुळवायची सवय असलेल्या हाताला ते जवळचं वाटतं. दोन्हींत अक्षरांना आकार देण्याचं काम आतून हार्फबझ नावाची एकच यंत्रणा करते. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडही तिच्यावरच चालतात. एकेका तुकड्यात जेवढी अक्षरं एकत्र दिली तेवढ्यांची जोडणी ती बिनचूक करते. त्यामुळे जोडाक्षर टिकवणं अवघड नाही, ते एका तुकड्यात द्यायचं एवढंच. म्यूझस्कोरमध्ये भ लिहायचा, छोटी आडवी रेघ मारायची की कर्सर पुढच्या सुराखाली जातो, तिथे क्ती लिहायचं.

ती आडवी रेघ कागदावर मात्र नको वाटते. रोमन लिपीत तुकडे एकाच शब्दाचे आहेत हे सांगायला ती लागते. आपल्याकडे शिरोरेघ तुटलेली दिसली की शब्द पुढे चालू आहे हे ऽ या चिन्हाने सांगायची जुनी रीत आहे. स्टाफ नोटेशनमध्ये मुलांसाठी मी रेघ ठेवते, कारण तिथे शब्द फार पसरतात. भातखंडे पद्धतीत, म्हणजे सारेगम अक्षरांनी लिहायच्या आपल्या स्वरलिपीत, छापताना काढून टाकते.

एका बाबतीत आपली लिपी मला साथ देत नाही, तेही सांगायला हवं. ‘पंढरी’. यातला अनुस्वार प च्या डोक्यावर बसलेला. सूर धरताना तो अनुनासिक आवाज खरं तर ढ च्या अलीकडे, शेवटी यायला हवा, पण कागदावर तो पहिल्या क्षणी समोर येतो. मग मुलं पहिल्या मात्रेपासूनच नाकात गुणगुणत बसतात. ‘पण्ढरी’ लिहिलं असतं तर ‘प ऽ ऽ ण्ढ री’ असं सरळ झालं असतं. मराठीत तसं कुणी लिहीत नाही, आणि वाचणाऱ्याच्या सवयीला धक्का लावण्यात अर्थ नाही. पं तसाच ठेवते. तालमीच्या वेळी तोंडाने सांगावं लागतं.

शब्दांचं झालं. वरची ओळ स्वरांची, आणि तिथे जोडणीचा प्रश्न उलटा होतो. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब आणि तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. दुसरी पद्धत विष्णु दिगंबर पलुस्करांची. त्यांचा जन्म १८७२ चा, आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा; मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या लिपीत टिंब वर दिलं की मंद्र, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. म्हणजे एकाचं तार सप्तक ते दुसऱ्याचं मंद्र. जुन्या वह्या हातात आल्या की आधी पद्धत ओळखायची आणि मगच संगणक सुरू करायचा, हा माझा नियम आहे.

भातखंड्यांच्या खुणांसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात, वेगळी सोय नाही, पण वेदपाठकांसाठी केलेली सोय आयती उपयोगी पडते. तिथे देवनागरीच्या भागातच वैदिक स्वरचिन्हं आहेत, खालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ. ऋग्वेदाच्या छापील प्रतींत त्या खुणा ऋचांच्या उच्चारासाठी येतात. त्याच घेऊन कोमल रिषभ रे॒ असा आणि तीव्र मध्यम म॑ असा लिहिता येतो. सामवेदासाठी तर २००९ साली अक्षरांवर बसणारे छोटे देवनागरी आकडेच युनिकोडमध्ये आले. सामगानाचे स्वर आकड्यांनी दाखवतात, त्यासाठी. इतक्या जुन्या गायनाची लिपी मोबाइलवर उमटू शकते याचा मला मनापासून आनंद होतो.

क्रम मात्र सांभाळावा लागतो. मंद्र कोमल निषाद लिहायचा तर आधी न, मग खालचं टिंब म्हणजे नुक्ता, मग वेलांटी आणि शेवटी आडवी रेघ: ऩी॒. रेघ वेलांटीच्या आधी टाइप झाली तर हार्फबझला ते अक्षर ओळखू येत नाही आणि वेलांटी ठिपक्यांच्या एका वर्तुळावर जाऊन बसते. नोटेशनच्या कागदांवर अशी वर्तुळं दिसली की समजायचं, टाइप करणाऱ्याचा क्रम चुकलाय.

तार सप्तकाच्या टिंबासाठी सगळे अनुस्वार वापरतात. सां, गं, मं, पं छान दिसतात. पण रें आणि नीं लिहिताना फॉन्ट मात्रा-वेलांटी आणि अनुस्वार यांची एक आकृती बनवतो, आणि टिंब अक्षराच्या मध्यावरून उजवीकडे सरकतं. एरवी हीच जोडणी हवीशी असते. मजकुरात ती नसेल तर टिंब वेलांटीवर आदळेल, एफ आणि आयसारखंच. स्वरांच्या ओळीत मात्र मला टिंब बरोबर र च्या डोक्यावर हवं असतं, म्हणजे वरून नजर फिरवली की तार सप्तक एका रेषेत दिसतं. फॉन्टला हे कळणार कसं? ओळ शब्दांची आहे की स्वरांची, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

या सगळ्यात सर्वांत मोठी अडचण कंसाची आहे. एका मात्रेत दोन, तीन, चार स्वर आले की भातखंडे पद्धतीत त्यांच्याखाली अर्धचंद्रासारखा कंस येतो. स्वरांचं जोडाक्षरच ते. युरोपात तेराव्या शतकापासून सोळाव्यापर्यंतच्या हस्तलिखितांत सूरच एकमेकांना जोडून एक आकृती करत, तिलाही लिगेचरच म्हणतात, आणि रिवाज असा की त्या एका आकृतीखाली शब्दाचा एकच तुकडा. लिलीपॉन्डमध्ये त्या आकृत्या आजही काढता येतात. मला त्यांचं फार अप्रूप आहे. शब्द जोडणारे आणि सूर जोडणारे लोक दोन्हीकडे एकच गोष्ट करत होते: एका श्वासात जे येतं ते एका आकृतीत लिहायचं.

कोल्हापूरला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथे होते, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब यांनी इथे शिकवलं, देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत पिढ्यान्‌पिढ्या गाणं झालं. खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी लयीच्या प्रत्येक अंशाला धरून चालते. तिची बंदिश कागदावर उतरवताना एका मात्रेत कुठले स्वर आणि शब्दाचं कुठलं अक्षर, हे चुकून चालत नाही. ती विद्या समोरासमोर बसून आली, कागदावरून आली नाही, हे खरं. पण वहीत टिपून ठेवणारे शिष्य तेव्हाही होते, आज तर प्रत्येकाकडे वही आहे, आणि त्या वह्या आता पिवळ्या पडून कुरतडायला लागल्या आहेत. त्यातल्या खुणा जशाच्या तशा उतरल्या पाहिजेत.

डीटीपीत हे कंस आम्ही हाताने काढतो. रेघ वाकवायची आणि स्वरांखाली नेऊन ठेवायची. मग सर येऊन म्हणतात, ‘‘ताई, या ओळीत एक स्वर राहिलाय.’’ तो घातला की अक्षरं सरकतात, कंस जागच्या जागी, आणि पूर्ण पान पुन्हा लावायचं. युनिकोडमध्ये दोन अक्षरांखालून जाणारी एक वाकडी खूण आहे, पण ती दोनांपुरतीच.

इथे मला वाट दाखवली ती पाश्चात्त्य संगीताच्या फॉन्टांनी. २०१३ साली स्टाइनबर्ग या संगीताची सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने ‘स्मूफल’ हा प्रमाण तक्ता आणि त्याबरहुकूम केलेला ब्राव्हुरा फॉन्ट आणला, संगीताच्या हजारो खुणांना ठरावीक जागा दिल्या. त्यात एक युक्ती आहे. साध्या मजकुरात सूर वर-खाली सरकवता यावा म्हणून ‘एवढ्या पायऱ्या वर’, ‘एवढ्या पायऱ्या खाली’ अशी चिन्हं ठेवली, आणि चिन्ह अधिक सूर मिळून फॉन्टच्या आत एक लिगेचर तयार होतं. चित्र काढावं लागत नाही, टाइप केलं की झालं. क् आणि त मिळून क्त होतो, त्याच यंत्रणेने.

तेच कंसासाठी करायला मी घेतलं आहे. पहिल्यांदा वाटलं, प्रत्येक जोडीचं वेगळं लिगेचर बनवावं. शुद्ध, कोमल, तीव्र धरून बारा स्वर, म्हणजे दोनांच्या जोड्या १४४. चार स्वरांचे गट मोजले तर २०,७३६, आणि यात सप्तकं धरलेलीच नाहीत. तो रस्ता बंद. म्हणून स्वरांची सगळी अक्षरं एकाच रुंदीत बसवायची असं ठरवलं, जुन्या टाइपरायटरसारखी. मग कंसाची लांबी स्वर कोणते यावर अवलंबून राहत नाही, किती यावर राहते. दोनचा, तीनचा, चारचा, सहाचा आणि आठचा, एवढे कंस पुरतात. स्वरांच्या आधी आकडा आणि एक खूण टाइप करायची, की त्या आकड्याचा कंस पुढच्या तेवढ्या स्वरांखाली येतो. एकच रुंदी असल्यामुळे रें आणि नीं ची टिंबंही मध्यावर आणता आली, कारण या फॉन्टात ती जोडणी मी मुद्दाम ठेवलीच नाही. शब्दांच्या ओळीसाठी वेगळा फॉन्ट, त्यात ठ्ठ, क्त, ऱ्य सगळे जोडलेले.

दोनचा आणि चारचा कंस जमला आहे. तीनच्या कंसात मधल्या स्वराला कोमलची रेघ असली की ती कंसाच्या पोटाला टेकते, म्हणून कंस थोडा खाली घ्यावा लागेल, आणि तो खाली घेतला की शब्दांची ओळही खाली. सरांची वही सध्या त्या पानावर थांबली आहे.